रानकोंबडी कोणाच्या ताटात जाते?

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा, मग कमेंटमध्ये काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

१७ फेब्रुवारी, आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांची पुण्यतिथी. शिरढोणला दरवर्षीप्रमाणे हार पडतात, भाषणं होतात. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते, हे वाक्य प्रत्येक भाषणात असतंच. मला आज त्याच किल्ल्याच्या खालच्या जंगलाबद्दल लिहायचंय. कारण फेब्रुवारी ते मे हे चार महिने तिथल्या रानकोंबडीच्या विणीचे. आणि नेमके हेच चार महिने आपल्याकडे वणव्याचे आणि पारधीचे.

आपला राखी रानकोंबडा जगात फक्त भारतात, तोही दक्षिणेकडच्या अर्ध्या भागात सापडतो. मानेवर पिवळे मेणचट ठिपके असलेली पिसं असतात. एके काळी ही पिसं मासे पकडायच्या गळाला लावण्यासाठी विलायतेत जात असत, म्हणजे या पक्ष्याच्या जिवावर उठणारा गिऱ्हाईक तेव्हाही लांबचाच होता. मादी झाडावर घरटं करत नाही. जमिनीवर पाचोळ्यात खळगा करते, चार ते सात अंडी घालते आणि साधारण तीन आठवडे उबवत बसते. डोंगराला आग लागली की आई उडू शकते, अंडी उडू शकत नाहीत. चकोत्रीचंही तेच.

आता जंगल किती आहे ते बघा. कर्नाळा अभयारण्य १९६८ साली झालं तेव्हा साडेचार चौरस किलोमीटरच्या आतबाहेर होतं. नंतर वाढवून १२.११ चौरस किलोमीटर झालं. आपल्या नवी मुंबई विमानतळाची जागा सुमारे ११६० हेक्टर, म्हणजे साडेअकरा चौरस किलोमीटर. थोडक्यात एका विमानतळाएवढं अभयारण्य, आणि त्याच्या पोटातून मुंबई-गोवा महामार्ग जातो. एका बाजूला पनवेल फुगतंय, दुसऱ्या बाजूला प्लॉटिंग, मधे शनिवार-रविवारच्या गाड्या. आजूबाजूचे डोंगर आहेत, पण तेही आता रस्ते आणि बंगल्यांनी तुकड्यातुकड्यांत कापलेत. पक्ष्याने जायचं कुठे?

आणि या एवढ्याशा रानात शिकार चालते. फासे लागतात, वाघर लागते, डोक्याला बॅटरी बांधून रात्री माणसं फिरतात. शेतीच्या संरक्षणासाठी म्हणून परवाना घेतलेल्या बंदुका आपल्या भागात किती आहेत आणि त्यातल्या किती खरंच शेताच्या बांधावर वापरल्या जातात, हे गावोगावच्या जाणत्यांना मी सांगायला नको. आग लावून ससे, डुकरं बाहेर काढायची पद्धतही जुनी आहे.

मग बातमी येते. एक कातकरी पोरगा, हातात बेचकी किंवा दोन फासे, शेजारी वर्दीतली चार माणसं, समोर मेलेली कोंबडी. फोटो छान येतो. आमच्या धंद्यातल्या लोकांना तो आयता मिळतो आणि आम्ही तो छापतो. पण त्या फोटोत एक माणूस कधीच नसतो. ज्याने फोन करून सांगितलं होतं, "शनिवारी दहा-बारा जण येतोय, रानातलं काहीतरी बघून ठेव," तो.

हे सगळ्यांना माहीत आहे. फार्महाऊसवर ‘जंगली आहे का?’ हा प्रश्न कुजबुजत विचारला जातो. गावठीपेक्षा जास्त पैसे द्यायची तयारी असते आणि खाल्ल्याचा व्हिडिओ काढायची हौसही. वाडीतल्या माणसाला वर्षातून काही महिने वीटभट्टी, काही महिने मजुरी आणि उरलेले महिने शेट सांगेल ते काम. तो पूर्वीही ससा, उंदीर, पाखरू मारून खात होता. कायद्याने तेही चालत नाही, मान्य. पण स्वतःच्या चुलीसाठी मारणं आणि ऑर्डरप्रमाणे आठवड्याला मारणं यात जंगलाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. चूल भरली की थांबते. फार्महाऊसची ऑर्डर थांबत नाही.

"खाणाऱ्याला कायदा लागू होत नाही ना भाऊ," असं मला एका सुशिक्षित गृहस्थाने हसत सांगितलं. होतो, दादा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. त्याच्या कलम ३९ प्रमाणे बेकायदा मारलेला प्राणी, त्याचं मांस, हे सरकारची मालमत्ता ठरतं. ज्याच्या ताब्यात ते आलं त्याने ४८ तासांच्या आत पोलिसांना किंवा अधिकाऱ्यांना कळवायचं असतं. गुन्ह्यात वापरलेली गाडी जप्त झाली तर तीही सरकारजमा. आणि कलम ५७ असं की, ताब्यात सापडलं तर ते कायदेशीर आहे हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्याकडे सापडलं त्याची. अभयारण्यात शिकार केली तर किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. फासा लावणं, आमिष दाखवणं, हाकारा करणं, अंडी-घरटी नासवणं, हे सगळं कायद्याच्या भाषेत ‘शिकार’च आहे. एवढा कडक कायदा हातात असून तो फक्त वाडीपर्यंत चालत जातो. फार्महाऊसच्या गेटवर त्याचे पाय दुखतात.

मधल्या काळात एक नवीन युक्तिवाद ऐकू यायला लागलाय. अमेरिकेत बघा, सरकारी जंगलात टर्कीची शिकार चालते, लायसन काढा आणि मारा, तरी टर्की संपली नाही. मग आपल्याकडे हंगाम का उघडत नाहीत? टर्की आणि रानकोंबडी एकाच कुळातली, हे खरं. पण पुढचं अर्धंच सांगितलं जातं. तिथेही शिकार आणि जंगलतोडीने टर्की जवळपास संपत आली होती. १९३७ साली त्यांनी कायदा करून बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी बांधला, पक्षी पकडून दुसऱ्या जंगलांत सोडले, हंगाम ठरवला, माणशी किती मारायचे ते ठरवलं. वसंतातल्या शिकारीत साधारणपणे नरच मारतात. आणि इतकं करूनही जिथे शिकाऱ्यांची गर्दी होते तिथले पक्षी आवाज द्यायचंच बंद करतात, अशी तिथल्या शिकाऱ्यांचीच तक्रार असते. आपल्याकडे १२ चौरस किलोमीटरमध्ये कुठला हंगाम उघडणार? शिवाय हा प्रयोग आपण करून बसलोय. १९७२ च्या कायद्यात सुरुवातीला परवान्याने शिकारीची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकावी लागली.

शेतकऱ्याचा विषय यात मिसळू नका. रानडुक्कर एका रात्रीत भात लोळवतं, त्याचं दुःख खरं आहे. पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकरासाठी रीतसर परवानगीची तरतूद आहे, भरपाईची आहे. ती वेळेवर मिळत नाही म्हणून लोक तारेत करंट सोडतात आणि त्यात माणसंही मरतात. त्यावर वेगळी पोस्ट लिहीन. पण रानकोंबडीने कोणाचं भात लोळवलं?

आपल्या शेजारी उरण तालुक्यात चिरनेर आहे. २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रहात तिथे गोळीबार झाला, त्या हुतात्म्यांमध्ये नाग्या महादू कातकरी आहे. जंगलावर आपला हक्क आहे म्हणून ज्याने छातीवर गोळी घेतली, त्याच्या जातभाईंना आज आपण जंगलाचे चोर म्हणून फोटोत उभं करतो. मग पुन्हा हुतात्मा दिनाला हार घालायला जातो.

माझं वनविभागाला आणि पोलिसांना जाहीर सांगणं आहे. कोणी पकडला गेला तर त्याच्या मोबाईलमध्ये ऑर्डर कोणाची होती ते बघा आणि त्याला आरोपी करा. एक, फक्त एक फार्महाऊसवाला आत जाऊ दे, निम्मे फासे आपोआप निघतील. जाळरेषा काढायला आणि आग राखायला वाडीतलीच पोरं घ्या, रान त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही. मात्र मजुरी महिन्याच्या महिन्याला द्या. सहा महिन्यांनी बिल निघणार असेल तर तो शेटचा फोन उचलणारच.

आणि तुम्ही, जे हे वाचताय. येत्या शनिवारी कुठे पार्टीला गेलात आणि कोणी ताट पुढे करून ‘आज जंगली आहे’ म्हणालं, तर वनविभागाचा टोल फ्री नंबर १९२६ आहे. फोनवर जागा नीट सांगा, फाटा कुठला, रस्ता कुठला, गेटवर नाव काय लिहिलंय.