बॅटरी बदलण्यापूर्वीं

ऐन बाजाराच्या दिवशीं जुनी मोटार सुरू झाली नाहीं कीं बॅटरीस दोष देऊन नवी आणावी, ही रीत आपल्यांत रुजली आहे. आमच्या मतें ती निव्वळ उधळपट्टी होय. बॅटरी ही विजेची कोठी. ती भरण्याचें काम अल्टरनेटरचें. भरणाराच अडला, तर नवी कोठीही चार दिवसांत रिती व्हावयाची.

यास्तव पैसे मोजण्यापूर्वीं व्होल्ट मोजावे. रात्रभर उभ्या मोटारीच्या भरलेल्या बॅटरीवर सुमारें १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिन चालूं असतां बहुधा १३.८ ते १४.४ दिसावे. आंकडा १३ च्या खालींच राहिला तर दोष भरणींत समजावा. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला असून बॅटरीचें पाणी आटूं लागेल. भरणी नीट असूनही ती रातोरात उतरत असेल, तरच बॅटरीचा किंवा चोरून वीज खाणाऱ्या तारेचा संशय घ्यावा.

दुरुस्ती स्वस्तापासून महागाकडे न्यावी. इंजिन बंद ठेवून बॅटरीच्या टोकांवरील क्षार काढावा, पट्ट्याची ढिलाई व अर्थिंगची तार पाहावी. किल्ली फिरवितांच भरणीचा लाल दिवा लागला पाहिजे. कित्येक जुन्या मोटारींत तो जळाला तर अल्टरनेटर भरणीस आरंभच करीत नाहीं. अल्टरनेटर उघडणें सर्वांत शेवटीं. चालूं इंजिनावर बॅटरीची तार काढून परीक्षा करण्याची खोड मात्र सोडावी. तिनें डायोड जळतात.

मल्टिमीटर ही कांहीं महाग वस्तु नव्हे. गांवोगांवच्या सभासदांनीं मिळून एक ठेवावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.