तरबियत चार भिंतींत होत नाही

रमजानच्या आधी आपाचा फोन आला. माझी भाची दहा वर्षांची आहे. रात्री तिचे पाय दुखतात, तिसऱ्या मजल्याचा जिना चढताना मध्येच बसते. डॉक्टरांनी रक्त तपासलं, ड जीवनसत्त्व फारच कमी निघालं. आठवड्याला एक पुडी दुधातून घ्यायची, असं लिहून दिलं. मी आपाला विचारलं, "ती बाहेर किती वेळ असते?" आपा म्हणाली, "बाहेर कधी जाणार? सकाळी शाळा, दुपारी मदरसा, संध्याकाळी ट्यूशन. आणि मुंब्र्यात खेळायला जागा तरी कुठंय रे?"

अंगावर ऊन पडलं की शरीर ड जीवनसत्त्व स्वतः तयार करतं. त्यासाठी पैसे पडत नाहीत. वर्षातले आठ महिने लख्ख ऊन पडणाऱ्या किनाऱ्यावर राहून आमची मुलगी ते पुडीतून घेते आहे. यात आपाचा एकटीचा दोष नाही. तिची शेजारीण तेच करते, माझे चुलतभाऊ तेच करतात, आणि खरं सांगायचं तर मीही माझ्या मुलाच्या बाबतीत बरीच वर्षं तेच केलं. म्हणूनच हे लिहितो आहे.

आपल्याकडे 'तरबियत' हा शब्द फार वापरला जातो. मूल मोठ्यांना सलाम करतं, नमाजाला उभं राहतं, उलट बोलत नाही, घराबाहेर फिरत नाही, की लोक म्हणतात तरबियत चांगली आहे. यातलं शेवटचं वाक्य तरबियतीत कुणी घुसवलं? घराबाहेर न फिरणारं मूल हे शहाणं मूल नसतं. ते फक्त आपल्या सोयीचं मूल असतं. हातात मोबाईल दिला की ते तासन्‌तास गप्प बसतं आणि आपण निश्चिंत होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं की एक वर्षाच्या बाळाला पडदा अजिबात नको, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी साठ मिनिटं तरी दमेपर्यंत खेळावं, हेही त्याच संघटनेचं म्हणणं आहे. आपल्या इमारतीतल्या किती मुलांना साठ मिनिटं मिळतात? मोजून पाहा. मी मोजलं. आमच्या मजल्यावरच्या सहा मुलांपैकी एकालाच मिळतात, तेही तो वडिलांच्या गॅरेजवर कामाला जातो म्हणून.

डोळ्यांचंही तेच. लहान वयात चष्मा लागला की आपण म्हणतो, पोरगं फार अभ्यास करतं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात शाळकरी मुलांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. काही शाळांत मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर काढलं, बाकीच्या शाळा होत्या तशा ठेवल्या. तीन वर्षांनी पाहिलं तर नेहमीच्या शाळांतल्या ३९.५ टक्के मुलांना नव्यानं लांबचं कमी दिसू लागलं होतं. बाहेर जाणाऱ्या मुलांत हेच प्रमाण ३०.४ टक्के होतं. फक्त ४० मिनिटांचा फरक. ट्यूशनचा एक तास कमी केला तर मुलगा नापास होईल अशी भीती वाटणाऱ्या आई-बापांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

आता 'जागा कुठंय' या प्रश्नाकडे येतो. मुंब्रा खाडी आणि पारसिकचा डोंगर यांच्या मधल्या पट्टीत वसलं आहे. खिडकी उघडली की डोंगर दिसतो, पावसाळ्यात त्यावरून उतरणारे पांढरे ओहोळ दिसतात. भाचीला मी विचारलं, "त्या डोंगराचं नाव काय?" तिला सांगता आलं नाही. तिला अ‍ॅमेझॉनच्या जंगलाबद्दल पाच ओळी पाठ आहेत, कारण त्या परीक्षेत येतात. खाडीच्या खालच्या अंगाला, ठाणे खाडीत, दर हिवाळ्यात हजारो फ्लेमिंगो येतात. २०१५ मध्ये तिथं अभयारण्य जाहीर झालं, २०२२ मध्ये त्या जागेला रामसर यादीत स्थान मिळालं. परदेशातून लोक ते पक्षी पाहायला येतात. आमच्या घरातून मात्र ऐरोलीपर्यंत कुणी गेलं नव्हतं. लग्नाचे कपडे घ्यायला मोहम्मद अली रोडला वर्षातून दहा वेळा जातो, तो रस्ता लांब वाटत नाही.

कुणी म्हणेल, हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत. आमची नानी दापोली तालुक्यात खाडीकाठी राहायची. तिचं पोट कधी पुरतं भरलेलं नव्हतं. तिच्या घरी न्हाणीचं पाणी केळीला जायचं, माशांची आतडी आणि खवले माडाच्या बुंध्यात पुरले जायचे, आणि जे काही उरेल ते कोंबड्या फस्त करायच्या. घरात कचऱ्याचा डबाच नव्हता, कारण डब्यात टाकण्यासारखं काही उरायचं नाही. आम्ही पोरं सुट्टीत गेलो की ओहोटीला तिच्यासोबत मुळे गोळा करायला जायचो. बारके मुळे हाती आले तर ती परत चिखलात टाकायला लावायची. म्हणायची, पुढच्या वर्षी काय खाणार? हा धडा तिनं चिखलात उभं राहून दिला. त्याच नानीची पणती आज थर्माकोलच्या ताटलीत बिर्याणी खाते आणि ताटली खिडकीतून खाली टाकते. तीन पिढ्यांत आपण गरिबीतून वर आलो, याचा मला आनंद आहे. पण वर येताना नानीची अक्कल गावीच सोडून आलो.

आपल्या दावतींकडे एकदा नीट बघा. महाराष्ट्रात थर्माकोलच्या आणि एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ताटल्या-पेल्यांवर २०१८ पासून बंदी आहे. तरी वलीम्याच्या हॉलमागे सकाळी त्यांचा ढीग असतो, त्यात अर्धवट टाकलेलं अन्न असतं आणि त्यावर कुत्री-कावळे तुटून पडलेले असतात. मुलं हे पाहत असतात. त्याच मुलांना आपण सांगतो की फुजूलखर्ची करणारा सैतानाचा भाऊ असतो. मूल आपलं बोलणं ऐकतं, पण शिकतं ते ढीग पाहून.

हदीसमध्ये आलं आहे की पैगंबर साहेब वजूसाठी एक मुद्द पाणी वापरत. हे माप आजच्या हिशेबानं एक लिटरपेक्षाही कमी भरतं. वाहत्या नदीकाठी असलात तरी वजूत पाणी वाया घालवू नका, अशी ताकीदही आली आहे. आता आपल्या घरात नळ सोडून केलेल्या वजूचं पाणी एकदा बादलीत धरून बघा. आम्ही धरलं. माझ्या मुलानं बादली अर्ध्याच्या वर भरली, मी त्याच्याहून जास्त. दुसऱ्या दिवसापासून तो मगमध्ये पाणी घेऊन बसू लागला. मला बोलावंच लागलं नाही. ज्या वस्तीत एक दिवसाआड पाणी येतं, बायका रात्री दोनला उठून पिंपं भरतात, तिथं हा काही किरकोळ धडा नाही.

मदरशात मुलांना सूरांची नावं पाठ करून घेतली जातात. बकरा म्हणजे गाय, नहल म्हणजे मधमाशी, नमल म्हणजे मुंगी, अनकबूत म्हणजे कोळी, तीन म्हणजे अंजीर. माझी उस्तादांना अदबीनं विनंती आहे की वर्षातून चार दिवस मुलांना बाहेर न्या आणि मधमाशी, मुंगी, कोळी प्रत्यक्ष दाखवा. ज्या मुलानं मुंग्यांची रांग कधी बसून पाहिली नाही, त्याला त्या सूरेचं नाव म्हणजे फक्त एक आवाज आहे. आणि कयामत आली तरी हातातलं रोप लावून घ्या, ही शिकवण ज्या मदरशात दिली जाते, त्याच्या आवारात सगळीकडे लादी आणि वर पत्रा का? एका कोपऱ्यातल्या चार लाद्या काढून तिथं कडुनिंब का लागत नाही?

सलीम अलींचं नाव आपण अभिमानानं घेतो. १८९६ मध्ये मुंबईत जन्मलेला हा मुलगा लहानपणीच आई-वडिलांना मुकला आणि मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी वाढला. एअरगननं त्यानं एक चिमणी मारली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. असली चिमणी खाणं चालतं का, असा प्रश्न पडून तो मामाकडे गेला. मामांनी त्याला हाकललं नाही, 'अभ्यास कर' म्हणालं नाही. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलर्ड साहेबांकडे पाठवलं. मिलर्ड यांनी कपाटं उघडून पक्ष्यांचा संग्रह दाखवला आणि भारताला त्याचा सर्वांत मोठा पक्षीशास्त्रज्ञ मिळाला. आपण सलीम अलींचा फोटो शाळेत लावतो, पण आपल्यातले किती मामू त्या मामांसारखे वागतात? पोरगं मेलेलं फुलपाखरू घेऊन आलं तर आपण ओरडतो, "छी, फेक ते, हात धू."

आता सगळ्यात अवघड मुद्दा. मुली. दहा-अकराव्या वर्षी मुलगी 'मोठी झाली' म्हणून तिचं खाली जाणं बंद होतं. मुलाचं क्रिकेट सुरू राहतं. हाडं घट्ट होण्याचं हेच वय, आणि नेमकं याच वयात आपण तिला ऊन आणि धावणं दोन्ही नाकारतो. पुढं तिची कंबर दुखते, बाळंतपण जड जातं, तेव्हा म्हणतो नशीब. परद्याचा मुद्दा काढू नका. परद्यात राहून चालता येतं, डोंगर चढता येतो, गच्चीवर दोरीवरच्या उड्या मारता येतात. आडवा येतो तो 'लोक काय म्हणतील', आणि त्याला आपण दीन म्हणतो.

भीती मात्र खोटी नाही, हे मी मानतो. १९९२-९३ च्या दंगलीनंतर कितीतरी कुटुंबं मुंबईतून मुंब्र्यात आली ती जीव मुठीत धरून. त्या आई-बापांनी मुलांना नजरेआड होऊ दिलं नाही, ते बरोबर होतं. शिवाय रिक्षा, बाइक, उघडी गटारं आजही आहेतच. पण भीतीवरचा उपाय दार लावणं हा नाही. पाच घरांनी मिळून आळीपाळीनं मुलांसोबत खाली बसणं, हा आहे. एका घराच्या वाट्याला आठवड्यात एक-दोनच संध्याकाळी येतात.

आणि जे वाचक मोहल्ल्याबाहेरचे आहेत, त्यांच्याशीही दोन शब्द. 'त्यांची वस्ती घाणच असते' हे वाक्य मी लोकलमध्ये पुष्कळदा ऐकलं आहे. केंद्र सरकारची २०१४ ची नगररचनेची मार्गदर्शक तत्त्वं माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असं सांगतात. आमच्याकडे ती जागा कागदावरसुद्धा शोधावी लागते. कचऱ्याची गाडी ज्या गल्लीत शिरत नाही, तिथल्या लोकांना स्वच्छतेवर व्याख्यान देणं सोपं आहे. मैदान मागायला आम्ही येऊ तेव्हा सोबत या. तुमचीही मुलं फ्लॅटमध्ये मोबाईल घेऊनच बसली आहेत, त्यात धर्माचा काही फरक मला दिसला नाही.

पण मैदान मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही. निवडणुकीत आपण उमेदवाराकडे कमान मागतो, लाइट मागतो, कव्वालीचा कार्यक्रम मागतो. या वेळी आरक्षित मैदान मोकळं करून मागा आणि लिहून घ्या. घरात ओला-सुका कचरा मुलांच्या हातानं वेगळा करा. पुढच्या दावतीला स्टीलची ताटं भाड्यानं आणा, धुणाऱ्या बाईला चार पैसे जास्त द्या. बकरी ईदला कुर्बानीनंतर जागा धुणं आणि कचरा ठरलेल्या ठिकाणी पोचवणं हे इबादतीचाच भाग आहे असं मुलांना दाखवा, फक्त सांगू नका.

ईदनंतरच्या रविवारी फजर झाल्यावर मी भाचीला आणि तिच्या तीन मैत्रिणींना घेऊन पारसिकच्या वाटेवर गेलो. आपाही आली, आधी कुरकुरत, मग पुढं. मुली अर्ध्या तासात दमल्या. दगडावर बसून खाली पाहिलं तर खाडी, लोकलची लाईन आणि आपली इमारत दिसत होती. भाची म्हणाली, "मामू, आपलं घर एवढुसं आहे?"

हो, एवढुसंच आहे. म्हणून तर मुलांना त्याच्या बाहेर काढायचं. येत्या रविवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत. तुम्ही तुमच्या मुलींना घेऊन निघा.