सूर्याची वीज आणि बागाईतदाराचा हिशेब

एखादी महाग वस्तू स्वस्त झाली की तिच्याविषयी बोलावयास दोन वर्ग पुढे येतात. एक विकणाऱ्यांचा व दुसरा वाटणाऱ्यांचा. वापरणाऱ्याचे बोलणे मात्र बहुधा राहूनच जाते. सूर्यापासून मिळणाऱ्या विजेचे सध्या असेच झाले आहे. म्हणून सिरसाळा व आसपासच्या गावांतील बागाईतदारांच्या बाजूने ह्या प्रश्नाचा विचार करावा, असे आम्हांस वाटते.

तारेवरून येणाऱ्या विजेस जो खर्च पडतो त्याच खर्चात सूर्याची वीज मिळू लागली, म्हणजे दोहोंचे मोल समान झाले असे म्हणतात. हिंदुस्थान सरकारने २०१० साली जवाहरलाल नेहरू ह्यांच्या नावाने राष्ट्रीय सौर मोहीम सुरू केली, तेव्हा हा दिवस २०२२ पर्यंत यावा असे उद्दिष्ट ठरविले होते. त्या वर्षीच्या लिलावात सर्वांत कमी बोलीसुद्धा युनिटास दहा रुपयांच्या वर होती. पुढे २०१७ साली राजस्थानातील भाडला येथे ती २ रुपये ४४ पैशांवर आली आणि २०२० च्या अखेरीस गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैशांपर्यंत उतरली. ठरविलेल्या मुदतीच्या आधीच हे घडले. आपल्या राज्यात २०१३ साली धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला, तेव्हा ही सरकारी हौस आहे असे म्हणणारे पुष्कळ होते. आज तसे म्हणणारा विरळा.

तथापि भाव उतरला एवढ्यावरून आपला लाभ सिद्ध होत नाही. राजस्थानच्या वाळवंटातील दर हा तेथील कारखान्याच्या दारातील दर होय. ती वीज आमच्या शिवारात येईपर्यंत वाहतुकीचा खर्च, तारांतील गळती व रोहित्रांची देखभाल तिच्यावर चढते. म्हणूनच मोठ्या प्रकल्पापेक्षा गावच्या उपकेंद्राजवळच लहान प्रकल्प उभारून त्याची वीज तेथल्या तेथे शेतीस द्यावी, ही कल्पना आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते. राज्य सरकारची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून व तिची दुसरी आवृत्ती २०२३ पासून ह्याच धोरणाने चालली आहे. तीत युनिटास सुमारे तीन रुपये दर पडतो. तो गुजरातच्या दराहून अधिक आहे खरा. पण वीज शेताच्या बांधाशी तयार होते, हे विसरू नये.

परळीचे औष्णिक केंद्र आपल्याच तालुक्यात आहे. १९७१ साली तीस मेगावॅटच्या लहान संचाने त्याचा आरंभ झाला. जुने संच आता मोडीत निघाले असून २५० मेगावॅटचे तीन संच उरले आहेत. कोळशाच्या विजेस कोळसा लागतो हे सर्वांस ठाऊक आहे. पण तिला पाणीही विपुल लागते, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणास कळले नसेल. २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून परळीचे संच बंद ठेवावे लागले. ज्या वर्षी माणसांस व गुरांस पाणी नाही त्याच वर्षी वीजही नाही, असा तो दुहेरी प्रसंग होता. सौर विजेस पॅनेल धुण्यापुरते पाणी पुरते. अवर्षणप्रवण मुलखात हा गुण भावाच्या बरोबरीने मोजावयास हवा.

ह्यावर आमचे काही वाचक विचारतील की, "एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपास बिलच नाही. मग तीन रुपये काय आणि आठ रुपये काय, आम्हांस दोन्ही सारखेच!" हा आक्षेप सोडून देण्याजोगा नाही. परंतु त्यास आमची दोन उत्तरे आहेत.

पहिले असे की, फुकट वीजही आपण मोल देऊनच घेत आलो आहो. आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा तर कधी रात्री वीज, हा क्रम कोणास नवा नाही. थंडीच्या दिवसांत मध्यरात्री उठून गव्हास वा हरभऱ्यास दारे धरावयाची, चिखलात उभे राहावयाचे, विंचूकाट्याचे व सापाचे भय बाळगावयाचे, आणि घरी बायकामुलांनी दाराकडे डोळे लावून बसावयाचे, हे मोल कोणत्याही बिलात छापलेले नसते. शिवाय अंधारात पाणी कोठे तुंबले, कोठे फुटले हे दिसत नसल्याने पाणी वाया जाते ते निराळेच. सौर विजेचा मुख्य दोष म्हणून ती रात्री मिळत नाही असे सांगतात. शहरास हा दोष खरोखरच बाधतो व त्यासाठी महाग बॅटऱ्या लागतात. शेतकऱ्यास मात्र पाणी दिवसाच द्यावयाचे असते. सूर्याची वेळ व आपल्या कामाची वेळ एकच आहे. तेव्हा ह्या विजेवर पहिला हक्क शेतीचा, असे आम्ही निःसंकोचपणे म्हणतो.

दुसरे उत्तर असे की, आज माफ असलेले बिल सरकार भरते व ही सवलत मार्च २०२९ पर्यंतच जाहीर झालेली आहे. पुढे काय होईल हे त्या वेळच्या तिजोरीवर अवलंबून राहील. वीज जितकी स्वस्त तितकी सवलत चालू ठेवणे सोपे. आणि उद्या बिल आलेच, तर ते तीन रुपयांच्या मापाने येणे केव्हाही बरे. म्हणजे भावाची समानता हा आज आपल्या खिशाचा प्रश्न नसला तरी चार दिवसांनी तो होणार आहे.

आता स्वतंत्र सौर पंप घ्यावा की सबंध वाहिनीच सौर करावी, हा प्रश्न उरतो. पाच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला तर सुमारे तीस युनिटे वीज खातो. वर्षात शंभर दिवस पाणी दिले असे धरल्यास तीन हजार युनिटे झाली. त्या पंपाची पॅनेले मात्र वर्षभरात सुमारे सात हजार युनिटे देऊ शकतात. म्हणजे निम्म्याहून अधिक सूर्य शेतात वायाच जातो. वाहिनी सौर केली तर आपणांस नको असेल तेव्हाची वीज दुसऱ्यास जाते, आणि श्रावणात आभाळ भरून असूनही पाऊस पडत नाही अशा ओढीच्या दिवसांत तारेवरून आपणांस परत मिळते. ह्याकरिता ज्यांच्या शेतापर्यंत तार आलेली आहे त्यांनी वाहिनीचाच आग्रह धरावा. ज्यांची शेती तारेपासून दूर आहे त्यांनी स्वतंत्र पंप अवश्य घ्यावा; किमतीच्या दहा टक्के, व अनुसूचित जातिजमातींच्या शेतकऱ्यांनी पाच टक्के, एवढाच हिस्सा भरावयाचा असतो. मात्र घेताना दुरुस्तीची हमी व विम्याचे कागद नीट पाहून घ्यावेत. २०१४ च्या गारपिटीने मराठवाड्यात काय केले हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

जमिनीच्या भाडेपट्ट्याविषयी आम्हांस अधिक सावधगिरीची सूचना करावयाची आहे. प्रकल्पास दिलेल्या जमिनीस हेक्टरी वार्षिक सव्वा लाख, म्हणजे एकरी पन्नास हजार रुपये भाडे व त्यात दरसाल तीन टक्के वाढ, असा भाव सरकारने ठरविला आहे. कोरडवाहू ज्वारीच्या निव्वळ उत्पन्नाशी ताडून पाहता हा आकडा मोह पाडणारा आहे. पण करार पंचवीस वर्षांच्या आसपास चालावयाचा असतो. तीन टक्के वाढीने पंचविसाव्या वर्षी भाडे एकरी सुमारे एक लाखावर जाईल. आणि तोवर महागाई दरसाल सहा टक्क्यांनी वाढली, तर त्या लाखाची खरेदीशक्ती आजच्या पंचवीस हजारांएवढीच उरेल. म्हणून माळरान, खडकाळ तुकडा वा चोपण जमीन द्यावी; काळी कसदार जमीन देऊ नये. जमीन बटाईने कसणारा कोणी असेल तर त्याच्या पोटाचाही विचार करावा. गावचे गायरान देण्याचा प्रश्न निघाल्यास शेळ्यामेंढ्या व गुरे कोठे चरतील हे ग्रामसभेत आधी ठरवून मगच संमती द्यावी. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडीस बाहेर जातात. त्यांतील अनेकांची गावातली मिळकत म्हणजे चार शेळ्या, ही गोष्ट जमीनदार वाचकांनी ध्यानात ठेवावी.

भाडेकरू ठेवण्याऐवजी आपणच मालक का होऊ नये? २०१९ च्या पीएम-कुसुम योजनेत शेतकरी, सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या व पंचायती ह्यांस पाचशे किलोवॅटपासून दोन मेगावॅटपर्यंतचा प्रकल्प स्वतः उभारण्याची मुभा आहे. एक मेगावॅटास चार ते पाच एकर जमीन लागते व वर्षास सुमारे पंधरा लाख युनिटे वीज निघते. तीन रुपये दराने ती पंचेचाळीस लाखांची झाली. त्याच जमिनीचे भाडे दोन ते अडीच लाखच येते. ह्यावरून सर्व फरक नफाच आहे असे मात्र कोणी समजू नये. साडेतीन ते चार कोटींचे भांडवल, त्यावरील व्याज, राखण व दुरुस्ती ह्यांत पहिल्या वर्षांची बहुतेक आवक जाईल. कर्ज फिटल्यावर खरी मिळकत सुरू होते. तेवढा धीर व चोख हिशेब ठेवण्याची शिस्त ज्या मंडळींत असेल त्यांनीच हे अंगावर घ्यावे.

शेवटची गोष्ट पाण्याची. सूर्य पंप चालवील, पण विहिरीत पाणी घालणार नाही. आजवर वीज जाई म्हणून पंप थांबे. नकळत का होईना, तेवढाच भूजलास विसावा मिळे. उद्या दिवसभर फुकट ऊर्जा मिळू लागली की हा लगाम सुटेल. आपल्या काळ्या पाषाणाच्या भूमीत पाणी वरच्या मुरमाच्या थरात व खडकाच्या भेगांतच साठते. ते उपसले की खाली अथांग साठा नाही. २०१६ साली शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी न्यावे लागले. ह्या उदाहरणाने शहाणे न होणाऱ्यास सूर्यही वाचवू शकणार नाही. बोअरच्या भरवशावर नवा ऊस लावू नये, सौर पंपाबरोबर ठिबक बसवावे, आणि एका पाणलोटातील विहीरवाल्यांनी मिळून उपशाचे तास ठरवावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सारांश, सूर्याची वीज स्वस्त झाली ही गोष्ट खरी व स्वागतार्ह आहे. परंतु तिचा लाभ गावास कितपत मिळेल हे पॅनेलाच्या भावावर ठरणार नाही. वाहिनी कोणाची, करार कसा, गायरान कोणाचे आणि विहिरीचे पाणी किती, ह्या चार प्रश्नांवर ते ठरेल. ह्यांची उत्तरे मुंबईच्या कचेरीत लिहिली जाण्यापूर्वी आपल्या ग्रामसभेत दिली जावीत, एवढीच आमच्या बागाईतदार बंधूंस विनंती आहे.