धूर गेला, विष राहिलं

बीड जिल्ह्यात विडी सोडून चुना-तंबाखू धरणारा गडी समाधानानं सांगतो, "धूर तर गेला!" शहरात शिकणारी पोरं ई-सिगारेटबद्दल असंच बोलतात.

शेतकरी बंधूंनो, माव्यावर आपण तंबाखूचा काढा फवारतो. (मावा म्हणजे कीड, टपरीवरचा नव्हे!) ती कीड मारतं निकोटीन. तेच विडीत, तेच पुडीत, ई-सिगारेटच्या द्रवातही बहुधा तेच. माणसाला सवय लावणारंही तेच. जळत्या विडीतलं डांबर, कार्बन मोनॉक्साइड ई-सिगारेटमध्ये बरंच कमी, हे खरं. पण कमी म्हणजे निर्धोक नव्हे. शिवाय २०१९ च्या कायद्यानं तिची विक्री देशात बंद आहे. चोरून आणलेल्या नळीत काय भरलंय, कोण तपासणार? बिनलेबलाचं औषध आपण कपाशीवर तरी मारतो का?

आपल्याकडचा मोठा घोर मात्र तंबाखू-मिश्रीचाच. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के निघाले. तोंडाचा कॅन्सर हिच्यानंही होतो. ऊसतोडीला टोळ्या निघण्याआधी ग्रामसेवकांनी मुकादमांना बसवून एवढं सांगावं, आणि सोडू इच्छिणाऱ्याला १८००-११-२३५६ हा मोफत फोन नंबर लिहून द्यावा.