एका गाठीच्या अनेक फांद्या

केळशीच्या बागांतून हापूसची कलमे उभी आहेत. कलम म्हणजे मूळ झाडाचाच तुकडा. म्हणून बाठ्यापासून रुजलेल्या रायवळाप्रमाणे दर झाडाची चव निराळी होत नाही. तरीही क्वचित एखाद्या कलमाची एकच फांदी वेगळी निघते, तिच्या फळाचा रंग किंवा आकार बदलतो. कारण कोवळ्या डोळ्यातल्या एका पेशीत आनुवंशिक बदल झालेला असतो आणि तो साऱ्या फांदीत उतरतो.

स्वादुपिंडाच्या कर्करोगात काहीसे असेच घडते. जठराच्या मागे असलेले हे इंद्रिय पाचक रस आणि इन्शुलिन तयार करते. पेशी दुभंगताना तिच्या जनुकांची नक्कल होते आणि नकलेत कधी चूक राहते. या रोगात बहुधा पहिली चूक 'केरास' नावाच्या जनुकात होते. शंभरांतील नव्वदांहून अधिक गाठींत ती सापडते. पंपाचे बटण चालूच अडकावे, तशी पेशी वाढतच राहते. पुढे 'टीपी ५३' सारखे राखणदार जनुक निकामी झाले की चुका दुरुस्त होत नाहीत. मग एकाच पेशीची लेकरे आपापल्या नव्या चुका घेऊन वाढतात. गाठ एक, पण तिच्यातल्या पेशी नाना तऱ्हेच्या!

औषध हरते ते इथेच. तेच ते औषध फवारले की काही चिवट तुडतुडे उरतात आणि पुन्हा त्यांचीच वीण वाढते, हे तुम्ही बागेत पाहिले असेल. गाठीतही तसेच होते. म्हणून डॉक्टर एकाहून अधिक औषधे मिळून देतात. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर याच रोगाने १७ मार्च २०१९ रोजी गेले.

मग आशा कशात? वेळेत. २०१० साली अमेरिकेतील संशोधकांनी या गाठींतील बदल मोजून अंदाज काढला, की पहिल्या चुकीपासून खरी कर्करोगाची पेशी होण्यास दहा वर्षे तरी लागतात, आणि ती दूर पसरण्यास आणखी पाच. गाठ पसरण्यापूर्वी सापडली, तर शस्त्रक्रियेला वाव असतो.

हा रोग स्पर्शाने होत नाही. तो कुणाच्या पापाचे फळही नव्हे. बहुतेकांत या चुका जन्मानंतर होतात. शंभरांत सुमारे दहांच्या घराण्यात मात्र तो दिसतो. दोन जवळच्या नातलगांना झाला असेल तर डॉक्टरांना अवश्य सांगा.

घरातल्या वडीलधाऱ्यांचे डोळे न दुखताखुपता पिवळे झाले, वजन उतरू लागले, पोटातली कळ पाठीत गेली, किंवा उतारवयात एकाएकी मधुमेह निघाला, तर काविळीच्या गावठी औषधात महिना घालवू नका. दापोली गाठा, रक्त तपासा, सोनोग्राफी करा. गरज पडल्यास परळचे टाटा रुग्णालय आहे. आणि विडी-सिगारेट आजच सोडा. ती या रोगाला आमंत्रण देते.

वाळकी फांदी दिसताच आपण कोयती उचलतो. माणसाच्या बाबतीत उशीर का करावा?