अल्बानियात मुक्काम कुठे करावा

युरोप एकदा पाहून झालेल्या मराठी कुटुंबाने पुढे कुठे जावं असं कोणी विचारलं, की मी हल्ली अल्बानियाचं नाव घेतो. मग समोरचा मोबाइल काढतो आणि त्याला दिसतं क्सामिल: निळंशार पाणी, छत्र्यांच्या रांगा आणि ‘युरोपातलं मालदीव’ अशी जाहिरात. पाणी खरोखर सुंदर आहे. पण या देशाचं खरं वैभव किनाऱ्यापासून आत, दगडी गावांत आणि नदीच्या खोऱ्यांत आहे. तिथे रात्रीचा मुक्काम करणारे पाहुणे फार कमी जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्या कोकण विभागाहून किंचित लहान असा हा देश. 1944 ते 1985 एन्व्हर होजा यांची सत्ता होती. त्यांनी आधी युगोस्लाव्हियाशी, मग सोव्हिएत संघाशी आणि अखेर चीनशीही फारकत घेतली. 1967 मध्ये मशिदी आणि चर्च बंद केली. आक्रमणाच्या भीतीने शेतांत, डोंगरांवर, किनाऱ्यावर लाखाहून अधिक काँक्रीटचे बंकर बांधले. राजधानी तिरानातल्या दोन मोठ्या बंकरांत आता ‘बंक आर्ट’ ही संग्रहालयं आहेत. जमिनीखालच्या त्या अरुंद खोल्यांतून फिरल्यावर बाहेरचा देश वेगळा दिसू लागतो.

या बंद दारांची झळ आपल्या ओळखीच्या एका घरालाही लागली होती. मदर तेरेसा स्कोप्येला 1910 मध्ये एका अल्बानियन कुटुंबात जन्मल्या. त्यांची आई आणि बहीण तिरानात राहत. आई 1972 मध्ये गेली, बहीण पुढच्या वर्षी, आणि कोलकात्यात असलेल्या तेरेसांना दोघींना भेटायची परवानगी अखेरपर्यंत मिळाली नाही. त्यांचं पाऊल तिरानात पडलं ते 1989 मध्ये. आज तिरानाच्या विमानतळाला त्यांचंच नाव आहे.

त्याच राजवटीने 1961 मध्ये बेरात आणि जिरोकास्तर या गावांना ‘संग्रहालय नगर’ ठरवून त्यांच्या जुन्या घरांना संरक्षण दिलं. पुढे दोन्ही जागतिक वारसा यादीत आली. बेरातला ओसुम नदीच्या दोन्ही तीरांवर ऑटोमन काळातली पांढरी घरं खिडक्यांच्या ओळी मिरवत डोंगर चढतात. वरच्या किल्ल्यात आजही लोक राहतात. तिथल्या जुन्या चर्चमध्ये सोळाव्या शतकातल्या ओनुफ्री या चित्रकाराचं संग्रहालय आहे. त्याच्या चित्रांतला लाल रंग पाहण्यासाठी वेगळा वेळ काढावा.

जिरोकास्तर माझं सर्वांत लाडकं. छपरांवर कौलांऐवजी करड्या दगडाच्या फरश्या, रस्ते दगडी, भिंती दगडी. होजा इथलेच आणि कादंबरीकार इस्माइल कादरेही इथलेच. एकाच गावाने हुकूमशहा दिला आणि त्या काळाची भीती शब्दांत पकडणारा लेखकही दिला. स्केंदुली कुटुंबाचं जुनं घर आत जाऊन पाहता येतं. खायला ‘चिफची’ मागावी: भात, अंडं आणि पुदिन्याचे गोळे. ते ज्या खळग्यांच्या तव्यात होतात, तो पाहून कोणाही मराठी माणसाला आप्पेपात्र आठवेल.

अडचण अशी की बहुतेक पर्यटक सारांदाच्या किनाऱ्यावरून सकाळी येतात, बाजारात फोटो काढतात आणि दुपारी परत जातात. दुसरीकडे, देशाची लोकसंख्या 2011 मध्ये 28 लाख होती, 2023 च्या जनगणनेत ती 24 लाखांवर आली. तरुण इटली, ग्रीस, जर्मनीला गेले. मालक परदेशात असलेल्या घरांची जड दगडी छपरं डागडुजीविना खचतात. जी घरं अतिथिगृहं झाली ती टिकली, कारण तिथे रात्रीचे पैसे येतात. 2023 मध्ये परदेशी पाहुण्यांचा आकडा एक कोटीच्या वर गेला. त्यांतला थोडा वाटा जरी आत मुक्कामाला राहिला, तरी अनेक छपरं वाचतील.

जवळच व्योसा नदी आहे. तिच्यावरच्या धरणांविरुद्ध स्थानिक लोक आणि शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं लढले आणि 2023 मध्ये नदीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. पर्मेतला राहून ती पाहावी. बुत्रिंतचे ग्रीक-रोमन अवशेष चुकवू नयेतच. फक्त तिथली प्रसिद्ध मोझॅक फरशी जपणुकीसाठी बहुतेक काळ वाळूखाली झाकलेली असते, हे आधीच माहीत असावं. उत्तरेला श्कोदरजवळ रोझाफा किल्ला आहे. तट टिकावा म्हणून धाकट्या सुनेला भिंतीत चिणल्याची कथा तिथे सांगतात. कन्नड ‘केरेगे हार’ या गीतात तळ्याला पाणी लागावं म्हणून धाकटी सून भागीरथी बळी जाते. इतक्या दूरच्या दोन मुलखांनी धाकट्या सुनेचाच जीव मागावा, हे मला अस्वस्थ करतं.

मे किंवा सप्टेंबरमध्ये जा, ऊन सोसवतं. गावागावांतून ‘फुर्गोन’ नावाच्या लहान गाड्या धावतात. त्या बऱ्याचदा भरल्यावरच सुटतात, म्हणून सकाळी लवकर निघा. बेरातला एक रात्र, पर्मेतला एक आणि जिरोकास्तरला किमान दोन रात्री ठेवा. क्सामिलला अर्धा दिवस पुरतो.