पत्ता विचारायला लाज कसली?

‘अलिबाग से आया है क्या?’ हे वाक्य आपण किती सहज फेकतो ना! गेल्या महिन्यात मी अलिबागला जाऊन ते स्वतःलाच ऐकवलं.

झालं असं, की नागावच्या एका आजींची मुलाखत घेतली. २०२०च्या ‘निसर्ग’ वादळात झोपलेली सुपारीची वाडी त्यांनी पुन्हा कशी उभी केली, त्याची. लॅपटॉप घरी. म्हणून मैत्रिणीच्या मॅकवर माझी लाडकी शेल स्क्रिप्ट चालवली. काम दोनच ओळींचं: ‘एफएफएमपेग’ने ऑडिओची एमपीथ्री करायची, मग मूळ फाइल उडवायची. लिनक्सवर वर्षभर एकदम मक्खन!

मॅकवर पहिली ओळ अडली, दुसरी इमानेइतबारे चालली. एमपीथ्री नाही, मूळ फाइलही नाही. मोबाइल आधीच रिकामा केलेला. आता बोला!

कारण? माझ्या उबुंटूवर ही कमांड ‘यूएसआर’च्या ‘बिन’मध्ये राहते. तो पूर्ण पत्ताच मी स्क्रिप्टमध्ये ठोकला होता. नव्या मॅकवर होमब्रू तिला ‘ऑप्ट’मध्ये ठेवतं. नुसतं नाव लिहिलं असतं, तर शेलने ‘पाथ’मधली ठिकाणं एकेक करून पाहिली असती. आपण एसटी स्टँडवर विचारत विचारत घर शोधतो ना, तस्सं. बॅशचंही तेच. फ्रीबीएसडीवर ती वेगळ्याच फोल्डरमध्ये असते, म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत थेट पत्ता न देता ‘एन्व्ह’ला विचारायचं. आणि हवी ती कमांड मशीनवर आहे का, हे आधी ‘कमांड -व्ही’ने बघून घ्यायचं.

पत्ते बदलतातच हो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला आली. पण त्या शहाण्यांनी कुलाब्याचं काम लगेच थांबवलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी घेतल्या, ताडून पाहिल्या, मगच जुनं बंद. माझ्या स्क्रिप्टमध्येही आता दोन कामांच्या मध्ये ‘&&’ आहे. पहिलं जमलं, तरच दुसरं.

आजींकडे परत गेले. चहा झाला. ‘या वेळी नीट ऐक,’ म्हणाल्या आणि सगळं पुन्हा सांगितलं. पहिल्यांदा वादळाचं सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. या वेळी नाही आला.

ती फाइल आता कुठल्याच पत्त्यावर सापडणार नाही.